पुण्याची न झालेली पोटनिवडणूक

२९ मार्च २०२३ रोजी पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचं निधन झालं. त्याच दिवशी दिल्लीत निवडणूक आयोगानं कर्नाटक विधानसभेचं वेळापत्रक जाहीर केलं आणि त्याला जोडून पंजाबातल्या जालंधर लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूकही लावली. जालंधरचे खासदार संतोखसिंह चौधरी जानेवारीत वारले होते. तिथं १० मे रोजी मतदान झालं, १३ तारखेला निकाल लागला आणि चार महिन्यांच्या आत जालंधरला नवा खासदार मिळाला. पुण्याला मिळाला ४ जून २०२४ रोजी, चौदा महिन्यांनी, आणि तोही सार्वत्रिक निवडणुकीतून. पुण्याची पोटनिवडणूक झालीच नाही.

असं का झालं, हे अजूनही अनेकांना नीट ठाऊक नाही. ‘राजकारण असेल काहीतरी’ म्हणून विषय सोडून दिला जातो. पण यात कायद्याचं एक छोटंसं कलम आहे आणि तारखांचं गणित आहे. दोन्ही समजायला वकिली शिकावी लागत नाही. ते समजून घेणं जरुरीचंही आहे, कारण त्या कलमाच्या अर्थावरून झालेला वाद पुण्यापुरता नाही. तो उद्या ठाण्यात, नागपुरात, कुठंही उभा राहू शकतो.

पोटनिवडणूक कशी लागते, हे आधी थोडक्यात. लोकसभेची मुदत पाच वर्षांची, आणि ती मोजली जाते सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून. मधेच एखादी जागा रिकामी झाली, तर फक्त त्या मतदारसंघात निवडणूक घेऊन ती भरतात. खासदाराचा मृत्यू किंवा राजीनामा ही नेहमीची कारणं. त्याखेरीज एखादा खासदार अपात्र ठरतो, कुणी दोन जागांवर निवडून येतो आणि एक सोडतो, कुणाची निवड न्यायालय रद्द करतं. परवानगीशिवाय ६० दिवस सभागृहाकडे न फिरकणाऱ्याची जागाही सभागृह रिकामी जाहीर करू शकतं. पोटनिवडणुकीत जिंकणाऱ्याला नव्यानं पाच वर्षं मिळत नाहीत, त्या लोकसभेची जेवढी मुदत उरली असेल तेवढीच मिळते. पुढच्या सगळ्या वादाचं मूळ या ‘उरलेल्या मुदती’त आहे.

अधिसूचना निघाली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. अर्ज भरायला सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते, आणि माघारीनंतर किमान चौदा दिवस प्रचाराला द्यावे लागतात. म्हणजे कायद्याच्या हिशेबानं अधिसूचनेपासून मतदानापर्यंत कमीत कमी २४ दिवस पुरतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

सहा महिन्यांचं कलम

१९९६ पर्यंत पोटनिवडणूक किती दिवसांत घ्यायची, याला कायद्यात बंधन नव्हतं. त्या वर्षी लोकप्रतिनिधित्व कायद्यात, म्हणजे १९५१ च्या कायद्यात, कलम १५१-अ घालण्यात आलं. त्याचं म्हणणं सरळ आहे. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची. त्याला दोनच अपवाद ठेवले आहेत. पहिला, रिकाम्या जागेवरच्या सदस्याची उरलेली मुदत एक वर्षाहून कमी असेल तर हे बंधन लागू नाही. दुसरा, त्या सहा महिन्यांत निवडणूक घेणं अवघड आहे, असं केंद्र सरकारशी सल्लामसलत करून निवडणूक आयोगानं प्रमाणित केलं तर.

दोन्ही अपवादांमागं समजूतदार विचार आहे. सार्वत्रिक निवडणूक तोंडावर असताना दोन-चार महिन्यांसाठी सगळी यंत्रणा हलवायला नको, हा पहिल्याचा हेतू. पूर, महामारी, दंगल अशा आपत्तीत लोकांना केंद्रावर बोलावायला नको, हा दुसऱ्याचा. या दुसऱ्या अपवादाचा रास्त वापर २०२० मध्ये झाला. बिहारमधल्या वाल्मिकीनगरचे खासदार बैद्यनाथ महतो फेब्रुवारीअखेर वारले, मार्चमध्ये टाळेबंदी लागली, सहा महिन्यांची मुदत उलटली. पण परिस्थिती थोडी निवळल्यावर नोव्हेंबरमध्ये बिहार विधानसभेच्या मतदानाबरोबर तिथली पोटनिवडणूक घेतली गेली. अडचण होती तोवर निवडणूक थांबली, आणि अडचण सरल्यावर झाली. कलमाचे शब्दही तेवढंच म्हणतात: ‘त्या मुदतीत’ निवडणूक घेणं अवघड आहे. निवडणूक कायमचीच बाद, असा अर्थ त्यातून निघत नाही, निदान मला तरी निघताना दिसत नाही.

आता पुण्याच्या तारखा बघू. सतराव्या लोकसभेची पहिली बैठक १७ जून २०१९ रोजी झाली, म्हणून तिची मुदत १६ जून २०२४ पर्यंत. बापटांचं निधन २९ मार्च २०२३ ला. उरले एक वर्ष आणि अडीच महिन्यांहून थोडे अधिक दिवस. पहिला अपवाद लागू होत नाही. सहा महिने सप्टेंबर २०२३ च्या अखेरीला संपत होते, तेवढ्यात मतदान व्हायला हवं होतं.

झालं नाही. एप्रिल गेला, मे गेला. शहरात ‘भावी खासदार’ असे फलक मात्र लागले, काँग्रेस आणि राष्ट्रवादीत जागा कुणाची यावरून बोलाचाली सुरू झाली. ऑगस्टमध्ये आयोगानं दुसऱ्या अपवादाचा आधार घेऊन प्रमाणपत्र दिलं. त्यात दोन कारणं होती. एक, मार्चपासून सगळी निवडणूक यंत्रणा इतर निवडणुकांत आणि २०२४ च्या लोकसभेच्या तयारीत गुंतली आहे. दोन, आता पोटनिवडणूक घेतली तरी निवडून येणाऱ्याला जेमतेम तीन-चार महिने मिळतील.

पहिलं कारण वाचून पुण्यातल्या कुणालाही प्रश्न पडेल. बापटांच्या निधनाआधी महिनाभर, २६ फेब्रुवारीला, याच जिल्हा प्रशासनानं कसबा पेठ आणि चिंचवड अशा दोन विधानसभा पोटनिवडणुका एकाच दिवशी पार पाडल्या होत्या. कसब्याच्या आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ ला आणि चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप ३ जानेवारी २०२३ ला गेले, आणि दोन महिन्यांच्या आसपास दोन्ही जागांवर मतदान होऊन निकालही लागले. खुद्द बापट त्या वेळी गंभीर आजारी होते. तरी कसब्याच्या प्रचारासाठी ते केसरीवाड्यातल्या मेळाव्याला आले, व्हीलचेअरवर, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून. कसब्याचे पाच वेळा आमदार राहिलेल्या माणसाला एका पोटनिवडणुकीचं मोल किती वाटत होतं, हे शहरानं डोळ्यांनी पाहिलं. (त्यांच्या त्या अवस्थेत त्यांना प्रचारात आणावं का, यावर तेव्हा टीका झाली होती, आणि ती गैर नव्हती.)

कसब्यात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी जिंकले आणि भाजपचा जुना गड गेला. त्यामुळे लोकसभेची पोटनिवडणूक सत्ताधाऱ्यांनी मुद्दाम टाळली, असा आरोप विरोधकांनी केला. तो आरोप खरा की खोटा, यावर हा लेख उभा नाही. माझा मुद्दा असा की कायदा नीट पाळला असता तर आरोपाला जागाच उरली नसती.

तीन-चार महिने उरले कसे?

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे, कारण ते वरवर पटणारं आहे. ‘तीन-चार महिन्यांच्या खासदारासाठी कोट्यवधी रुपये कशाला?’ असं तेव्हा अनेक पुणेकरही म्हणत होते. लोकसभेच्या निवडणुकीचा प्रशासकीय खर्च केंद्र सरकार करतं, म्हणजे शेवटी आपण सगळेच करतो. प्रश्न वाजवी आहे.

पण हे तीन-चार महिने निसर्गनियमानं उरलेले नव्हते. निवडणूक न घेता दिवस जाऊ दिले, म्हणून ते उरले. एप्रिलमध्ये अधिसूचना काढून मेअखेर मतदान घेतलं असतं तर? कायद्याला किमान २४ दिवस लागतात, हाताशी दोन महिने होते. १६ जून २०२३ च्या आत निकाल लागला असता तर नव्या खासदाराला पूर्ण एक वर्ष मिळालं असतं. घाई नको, सहा महिन्यांच्या अगदी शेवटी, सप्टेंबरमध्ये घेतली असती तरी साडेआठ महिने मिळाले असते. उशीर केला, मग उशिरामुळे मुदत कमी उरली, मग मुदत कमी उरली म्हणून निवडणूक नको. हा युक्तिवाद स्वतःच स्वतःचं कारण तयार करतो.

आणि आयोगाची स्वतःचीच पूर्वीची मोजपट्टी काय होती, हे पाहिलं की आश्चर्य वाटतं. २०१८ साली कर्नाटकात बळ्ळारी, शिवमोगा आणि मंड्या या तीन जागा मे महिन्यात रिकाम्या झाल्या. तेव्हाच्या लोकसभेची मुदत ३ जून २०१९ पर्यंत होती, म्हणजे रिकाम्या झाल्या त्या दिवशी एक वर्ष आणि जेमतेम दोन आठवडे उरले होते. त्याच सुमारास आंध्रातल्या वायएसआर काँग्रेसच्या पाच खासदारांचे राजीनामे जूनमध्ये मंजूर झाले, तिथं वर्षाहून कमी मुदत उरली होती. आयोगानं ऑक्टोबरमध्ये कर्नाटकातल्या तीन जागांची निवडणूक लावली आणि आंध्रातल्या पाच जागांची नाही. कुणी विचारलं तेव्हा उत्तर हेच दिलं, की जागा रिकामी झाली त्या दिवसापासून उरलेली मुदत मोजायची. ३ नोव्हेंबरला मतदान झालं. निवडून आलेल्या तिघांना सात महिने मिळाले, आणि कायद्यानं सांगितलं होतं म्हणून तेवढ्यासाठीही निवडणूक झाली. बळ्ळारी, शिवमोग्याला जो न्याय, तो पुण्याला लावला असता तर वादच नव्हता.

२०२३ मध्ये पुण्याबरोबर महाराष्ट्रातली आणखी एक जागा अशीच राहिली. चंद्रपूरचे बाळू धानोरकर ३० मे २०२३ रोजी वारले. राज्याच्या ४८ पैकी दोन मतदारसंघ वर्षभर खासदाराविना होते.

खासदार नसला तर शहराचं काय अडतं?

खासदार नसला म्हणून नळाचं पाणी बंद होत नाही, कचरा उचलायचा राहत नाही. ती कामं महापालिकेची. म्हणून ‘काय फरक पडतो’ असं म्हणणं सोपं जातं. पण पुण्यात त्या वर्षी महापालिकेतही लोकांनी निवडून दिलेलं कुणी नव्हतं. नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासकाचा कारभार होता. खासदार नाही, नगरसेवक नाही, तक्रार घेऊन जायला उरले ते आमदार.

कॅम्पातल्या माणसाची अवस्था आणखी बिकट. पुणे कॅन्टोन्मेंट बोर्ड संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. तिथल्या लोकनियुक्त सदस्यांची मुदत २०२१ मध्येच संपली होती. देशभरच्या कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या निवडणुका ३० एप्रिल २०२३ ला होणार म्हणून जाहीर झाल्या आणि मार्चमध्ये ती अधिसूचनाच रद्द झाली. बरोबर त्या काळात कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग महापालिकेत जाणार की नाही, अशी चर्चा सुरू होती. निर्णय दिल्लीत व्हायचा. दिल्लीत संरक्षणमंत्र्यांना उभं राहून विचारणारा खासदारच नाही.

पुण्यासारख्या शहरी मतदारसंघात केंद्राच्या हातातल्या गोष्टी किती आहेत, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे धावपट्टीपासून उड्डाणांच्या वेळांपर्यंत गोष्टी संरक्षण मंत्रालयाशी जाऊन भिडतात. मेट्रो केंद्र आणि राज्य यांची संयुक्त कंपनी चालवते. रेल्वे स्टेशन, टपाल कार्यालयं, लष्कराच्या जमिनींमुळे अडलेले रस्ते, सगळ्यांच्या फायली दिल्लीला. आमदार यासाठी पत्र लिहू शकतो. पण लोकसभेत तारांकित प्रश्न विचारून मंत्र्याकडून सभागृहात उत्तर घेणं, शून्य प्रहरात विषय मांडणं, हे खासदारच करू शकतो. खासदार निधीचे वर्षाला पाच कोटी असतात, त्यातली कामं सुचवण्याचा अधिकारही खासदाराचा. सुचवणारा नसेल तर नवी कामं पुढं सरकत नाहीत.

आणि कायदे. ते चौदा महिने सुने नव्हते. ७ ऑगस्टला लोकसभेनं डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचं विधेयक मंजूर केलं, ज्याचा संबंध खराडी-बाणेरच्या आयटी कंपन्यांत काम करणाऱ्या हजारोंच्या रोजच्या कामाशी आहे. २० सप्टेंबरला महिला आरक्षणाचं विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी मंजूर झालं. डिसेंबरमध्ये भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी येणारे तीन नवे फौजदारी कायदे मंजूर झाले. फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आला. पुण्याच्या एका मतानं यातला एकही निकाल फिरला नसता, हे खरंच आहे. पण चर्चेत उभं राहून बोलणारा, दुरुस्ती सुचवणारा, निदान मत नोंदवणारा कुणी असणं हा मतदारांचा हक्क आहे. मताधिक्य मोठं आहे म्हणून तुमच्या खासदाराची गरज नाही, असं कुणी म्हटलं तर मग लोकसभेत ५४३ जागा ठेवायच्या कशाला?

शहराची विभागणी पाहिली तर ही गोष्ट आणखी टोचते. पुणे लोकसभा मतदारसंघात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ हे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. हडपसर शिरूर लोकसभेत आहे, खडकवासला बारामतीत. त्यामुळे वारज्यात राहणाऱ्याला त्या काळात खासदार होता आणि त्याला लागून असलेल्या कोथरूडच्या रहिवाशाला नव्हता. महापालिका एक, वाहतुकीची कोंडी एक, मेट्रो एक, पण एकाला दाद मागायला दार आहे आणि दुसऱ्याला नाही.

जाता जाता एक गैरसमज. पोटनिवडणूक लागली की आचारसंहितेमुळे सगळ्या जिल्ह्याची कामं ठप्प होतात, म्हणून ती नको, असंही ऐकू येतं. ग्रामीण मतदारसंघात आचारसंहिता जिल्हाभर लागू होते, हे बरोबर. पण राज्याची राजधानी, महानगरं आणि महापालिकांच्या हद्दीतल्या मतदारसंघांसाठी आयोगाचाच नियम वेगळा आहे. तिथं ती फक्त त्या मतदारसंघापुरती असते.

न्यायालयात

प्रमाणपत्राविरुद्ध पुण्यातला एक मतदार मुंबई उच्च न्यायालयात गेला. पक्ष नाही, इच्छुक उमेदवार नाही, एक मतदार. १३ डिसेंबर २०२३ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. कमल खाटा यांच्या खंडपीठानं आयोगाचं प्रमाणपत्र रद्द ठरवलं आणि पोटनिवडणूक ताबडतोब घ्यायला सांगितलं. निकालाचा गाभा असा, की संसदीय लोकशाहीत लोकांच्या वतीनं बोलणारा प्रतिनिधी गेला तर त्याच्या जागी दुसरा आणलाच पाहिजे. मतदारसंघाला प्रतिनिधीविना ठेवणं घटनेच्या रचनेलाच धरून नाही. मणिपूरसारखी अशांतता असती तर अडचण समजली असती, पण पुण्यात तसं काही नव्हतं, आणि इतर निवडणुकांत गुंतलो आहोत हे आयोगानं सांगायचं कारण होऊच शकत नाही, असंही न्यायालयानं सुनावलं.

आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ८ जानेवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली. इतके महिने निवडणूक का घेतली नाही, असा प्रश्न त्यांनीही आयोगाला विचारला. पण लोकसभा निवडणूक अगदी जवळ आली होती, आणि त्या टप्प्यावर पोटनिवडणूक घेऊन फारसं काही साधणार नव्हतं. कलम १५१-अ चा अर्थ पुढच्या प्रकरणांसाठी नीट ठरवावा लागेल, असं न्यायालयानं बोलून दाखवलं. त्या टप्प्यावरची स्थगिती मला समजते. मात्र पुणेकरांच्या वाट्याला हातात काहीच न पडणारा विजय आला, हेही तितकंच खरं.

१३ मे २०२४ ला पुण्यात मतदान झालं. भाजपचे मुरलीधर मोहोळ यांनी काँग्रेसच्या धंगेकरांना १,२३,०३८ मतांनी हरवलं.

कायद्याचा प्रश्न मात्र तिथंच राहिला नाही. तो आणखी गुंतला. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला वारले. विधानसभेची मुदत नोव्हेंबर २०२४ च्या अखेरीपर्यंत होती, म्हणजे रिकाम्या झाल्या दिवशी एक वर्ष आणि तीन आठवडे शिल्लक. आयोगानं इथं पोटनिवडणूक लावली, लोकसभेबरोबर २६ एप्रिलला. तिला आव्हान दिलं गेलं आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्याच नागपूर खंडपीठानं ती रद्द केली. कारण काय? निवडून येणाऱ्याला वर्षाहून कमी मुदत मिळेल. साडेतीन महिन्यांत एकाच उच्च न्यायालयाच्या दोन खंडपीठांपुढं हे कलम आलं. मुंबईत ‘निवडणूक घ्या’ ठरलं, नागपुरात ‘घेऊ नका’.

हरियाणात तर तिसरंच घडलं. मनोहरलाल खट्टर यांनी मार्च २०२४ मध्ये कर्नालची जागा सोडली, विधानसभेची मुदत उरली होती आठ महिन्यांहूनही कमी. नवे मुख्यमंत्री नायबसिंह सैनी आमदार नव्हते, आणि आमदार नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांत निवडून यावं लागतं. अकोल्याच्या निकालाचा दाखला देऊन कर्नालची पोटनिवडणूकही रोखावी, अशी मागणी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात झाली. ती फेटाळली गेली. मतदान झालं, सैनी निवडून आले.

कर्नालमध्ये कसंही मोजलं तरी वर्षाहून कमीच मुदत उरत होती. ते बाजूला ठेवलं, तर भांडण एका मुद्द्यावर येऊन ठेपतं: वर्ष मोजायचं कुठून? जागा रिकामी झाल्याच्या दिवसापासून, की नवा सदस्य निवडून येण्याच्या दिवसापासून?

माझं मत स्पष्ट आहे. जागा रिकामी झाली ती तारीख कुणाच्या हातात नसते. निवडणुकीची तारीख आयोगाच्या हातात असते. वर्ष निकालाच्या दिवसापासून मोजायचं ठरवलं तर ज्याला निवडणूक घ्यायची नाही, त्यानं फक्त थांबायचं. चार महिने गप्प बसलं की अपवाद आपोआप लागू. कर्तव्य टाळणाऱ्याला टाळण्याचंच बक्षीस मिळेल असा अर्थ कुठल्याही कायद्याचा लावू नये. रिकाम्या झाल्या दिवसापासून मोजलं तर अगदी शेवटच्या क्षणी निवडणूक घेतली तरी नव्या सदस्याला सहा महिन्यांच्या आसपास मिळतात. कायदा करणाऱ्यांनी सहा महिने आणि एक वर्ष हे दोन आकडे शेजारी ठेवले, ते हा हिशेब करूनच ठेवले असणार.

हे जमतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नांदेडचे खासदार वसंत चव्हाण २६ ऑगस्ट २०२४ ला वारले. तीन महिन्यांच्या आत, २० नोव्हेंबरला, विधानसभेबरोबरच तिथं पोटनिवडणूक झाली आणि रवींद्र चव्हाण अवघ्या १,४५७ मतांनी निवडून आले. इतक्या चुरशीनं नांदेडकरांनी आपला खासदार ठरवला. पुणेकरांना तशी संधीच मिळाली नाही.

दुरुस्ती अवघड नाही. कलमात ‘जागा रिकामी झाल्याच्या दिनांकापासून’ एवढे शब्द पहिल्या अपवादात घातले तर निम्मा वाद मिटतो. दुसऱ्या अपवादाचं प्रमाणपत्र कारणांसह जाहीर करावं, आणि अडचण संपल्यावर किती दिवसांत निवडणूक घ्यायची हे त्यातच लिहावं लागेल, अशी अट घातली तर उरलेला निम्मा. हे संसदेनं करावं, किंवा सर्वोच्च न्यायालयानं अर्थ ठरवून द्यावा.

तोवर तारखा आपणच ध्यानात ठेवलेल्या बऱ्या. सध्याच्या अठराव्या लोकसभेची पहिली बैठक २४ जून २०२४ ला झाली, तेव्हा तिची मुदत २३ जून २०२९ पर्यंत. जून २०२८ अखेरीनंतर एखादी जागा रिकामी झाली तर पोटनिवडणुकीचं बंधन नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. डिसेंबर २०२७ अखेरीच्या आधी रिकामी झाली तर सहा महिन्यांत निवडणूक घ्यावीच लागेल, त्यातही दुमत नाही. मधले सहा महिने वादाचे आहेत. त्या काळात तुमच्या मतदारसंघाची जागा रिकामी झाली, तर सप्टेंबर-ऑक्टोबरची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात आयोगाला अधिसूचना कधी काढणार ते लेखी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर न्यायालयात जायला डिसेंबर उजाडू देऊ नका.